नव्या ब्रशचा वास जाता जात नाही

प्रश्न : माझ्या मेहुण्याने इटलीहून येताना माझ्यासाठी दाढीचा ब्रश आणला, डुकराच्या केसांचा, लाकडी मूठ, दिसायला एकदम झकास. पण पहिल्याच दिवशी गरम पाण्यात बुडवला आणि असा वास सुटला की विचारू नका, गोठ्यात उभं राहून दाढी करतोय असं वाटत होतं. आठवडा झाला, वास थोडा कमी झालाय पण आहेच. बायको म्हणते टाकून द्या, जनावराचे केस तोंडाला लावताय, काही रोगबिग व्हायचा. एकाने सांगितलं उकळत्या पाण्यात घाल, दुसरा म्हणतो डेटॉलमध्ये ठेव. मेहुण्याने प्रेमाने आणलाय हो, टाकवत नाही. काय करू?
एक वाचक, चिपळूण

उत्तर : टाकू तर अजिबात नका! आणि सगळ्यात आधी, ते उकळतं पाणी विसरा. मी माझ्या पहिल्या ब्रशला हेच केलं होतं, कोणीतरी सांगितलं म्हणून, आणि चारच दिवसांत केसांचा अख्खा जुडगा मुठीतून सुटून हातात आला. केस मुठीत गोंदाने बसवलेले असतात, खूप गरम पाण्यात तो गोंद ढिला पडतो, शिवाय केस रखरखीत होऊन तुटायला लागतात ते वेगळंच. हाताला सोसेल इतकंच कोमट पाणी घ्यायचं, त्याच्या वर नाही.

आता वास का येतो ते सांगतो. नवी घोंगडी पहिल्यांदा पावसात भिजली की कसा वास येतो, तुम्ही कोकणातले, तुम्हाला माहीत असणारच. लोकर काय आणि तुमच्या ब्रशचे केस काय, दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचेच, आणि जनावराच्या अंगाचं तेल थोडंफार त्यात राहिलेलं असतं. कोरडा असताना काही कळत नाही, पण कोमट पाणी लागलं की तो वास मोकळा होतो आणि ब्रश तर बरोबर नाकाखालीच असतो. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे ब्रश असतात, त्यांनाही येतो, घोड्याच्या केसांनाही थोडा येतो. म्हणजे ब्रश खराब निघाला असं नाही, खरे केस आहेत एवढंच.

उपाय सोपा आहे पण धीर पाहिजे. एका वाटीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब किंवा साधा शाम्पू, आणि ब्रश तळहातावर हलका गोल गोल फिरवत दोन मिनिटं धुवायचा. मग साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्यायचा. हे एकदाच, रोज रोज नको, नाहीतर केस कोरडे पडतात. त्यानंतर खरं औषध म्हणजे दाढीचाच साबण. भरपूर दाट फेस करा, अगदी केसांच्या बुडापर्यंत जाऊ द्या, आणि तो फेस तसाच ठेवून ब्रश रात्रभर बाजूला ठेवा, सकाळी धुवा. असं तीन-चार रात्री करा, ज्या दिवशी दाढी करायची नसेल त्या दिवशीसुद्धा फेस करून ठेवा, काही बिघडत नाही. चंदनाचा किंवा मेंथॉलचा साबण असेल तर बरंच, पण काम वासाने होत नाही, फेसाने आणि धुण्याने होतं. एवढ्याने नाही भागलं तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग पाणी, त्यात पाच मिनिटं फक्त केस बुडवायचे आणि स्वच्छ धुवायचं, लाकडी मूठ त्यात बुडू द्यायची नाही.

डेटॉल नको, त्याचा स्वतःचा वास बसतो आणि तो उद्या तोंडालाच लागणार. अत्तर तर नकोच नको, दोन वास मिसळून तिसराच होतो. केसांचं कंडिशनर पण नको, त्याचा थर बसला की फेस नीट होत नाही.

डुकराच्या केसांना अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, हा ब्रश रुळायला वेळ घेतो. दाढीआधी दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजत ठेवायचा, आणि रोज वापरलात तर दोनेक आठवड्यांनी केसांची टोकं फाटून मऊ व्हायला लागतात. आत्ता टोचत असेल, नंतर तोच गालाला इतका छान लागेल की दुसरा ब्रश हातात घ्यावासा वाटणार नाही. वास पण तोपर्यंत बहुतेक गेलेला असतो. पण महिना झाला, सगळं केलं आणि तरी कुजल्यासारखा वास येत असेल तर मात्र केस मुळात नीट साफ झाले नव्हते असं समजा, मग नाही वापरला तरी चालेल.

वहिनींची शंका मात्र उगाच नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरचे केस मिळेनासे झाले, मग घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बाजारात आले, काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि अमेरिकेत, ब्रिटनमध्ये सैनिकांना आणि साध्या लोकांनाही त्यातून अँथ्रॅक्स झाला, म्हणजे आपल्याकडे गुरांना होते ती काळपुळी. त्यानंतर केस निर्जंतुक करण्याचे नियम आले. तुमचा ब्रश नवा आहे, तेव्हा ती काळजी नको, आणि वास येतो म्हणून रोग असतो असंही नाही. जुन्या बाजारात त्या काळातला घोड्याच्या केसांचा ब्रश मिळाला तर तो शोकेसमध्ये ठेवा, तोंडाला लावू नका, एवढं वहिनींना नक्की सांगा.

प्रश्न : माझा ब्रश दोन वर्षं जुना आहे, कधी वास नव्हता, या पावसाळ्यात अचानक यायला लागला. असं का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा जनावराचा वास नाही, ओलीचा आहे. ब्रश बाथरूममध्येच राहत असणार, बरोबर? पावसाळ्यात तिथे तो दिवसभर वाळत नाही, बुडाशी साबण साचतो आणि बुरशी धरते. वर सांगितल्यासारखा एकदा व्हिनेगरच्या पाण्याने धुवा आणि यापुढे दाढी झाली की पाणी झटकून, पंच्यावर अलगद टिपून, खिडकीपाशी किंवा पंख्याखाली ठेवा. पिळायचा नाही, डबीत किंवा कपाटात बंद करायचा नाही आणि कडक उन्हात पण नाही. शक्य असेल तर दोन ब्रश ठेवा आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पूर्ण दोन दिवस मिळतात. बुडाशी काळे ठिपके दिसत असतील आणि धुऊनही जात नसतील तर मात्र तो ब्रश बदला.