कोळी मोजायचे तर घड्याळ लावून

आंबोली किंवा कोयनेच्या रानातले सगळे कोळी शोधून काढायचा नाद आधी सोड. अशा जंगलात यादी पुरी होत नाही. त्यापेक्षा एक माणूस, एक पद्धत, एक तास असा एक नमुना धर. कोळ्यांचे अभ्यासक कॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हीच रीत मांडली. त्यामुळे दोन जागांची तुलना करता येते.

पद्धती अशा: गुडघ्याच्या वर हाताने शोध, गुडघ्याखाली शोध, आणि फांद्या झटकणे. झटकताना पांढरी छत्री उलटी धर, म्हणजे पडलेला कोळी लगेच दिसतो. पाचोळ्यासाठी चाळणी. यातला निम्मा वेळ तरी रात्रीचा ठेव. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरलीस की लांडगा कोळ्यांचे डोळे जमिनीवर चमकतात.

मोजायचे फक्त प्रौढ. पिल्लांवरून जात ठरत नाही, आणि ती तर ढिगाने सापडतात. नराचे तोंडाजवळचे स्पर्शपाद टोकाला फुगलेले असतात. मादीच्या पोटाखाली जननांगाची कडक पट्टी भिंगातून बघ. नाव कळलं नाही तरी अडू नकोस, ‘जात १’, ‘जात २’ असं लिहून फोटो जोड.

आता हिशेब. किती जाती सापडायच्या राहिल्या ते काढायला, एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येला तिनेच गुणायचं, म्हणजे तिचा वर्ग करायचा, आणि तो दोनदा सापडलेल्यांच्या दुपटीने भागायचा. ६० जाती मिळाल्या, त्यात २० एकेकदा, १० दोनदोनदा, तर आणखी किमान २० राहिल्यात असं समज. हा संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांचा अंदाज.

आणि कोळी गोळा करायचे असतील तर वनखात्याची परवानगी आधी काढ.