बदली शिक्षकांची तयारी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : चौथीच्या वर्गशिक्षिका प्रसूती रजेवर जात आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या बाईंची तयारी कशी करून घ्यावी? (मुख्याध्यापिका)

रजा 180 दिवसांची. एवढा काळ मुले ज्यांच्या हाती राहणार, त्यांना रजा सुरू झाल्यावर बोलावणे ही नेहमीची चूक. निदान दोन दिवस आधी बोलवा आणि त्या दिवसांचे मानधनही द्या. पहिल्या दिवशी त्यांनी मागच्या बाकावर बसून वर्ग पाहावा. दुसऱ्या दिवशी दोन तास स्वतः घ्यावेत, रजेवर जाणाऱ्या बाईंनी ते पाहावेत.

टाचण वही (रोजच्या पाठांची टिपणे) आणि घटक नियोजन सगळेच देतात. घोळ होतो तो आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात. तोंडीकाम झालेले, प्रात्यक्षिक निम्म्याच मुलांचे झालेले, आणि नोंद कुठेच नाही. मग नव्या बाई सगळे पुन्हा घेतात, नाहीतर अंदाजाने गुण भरतात. म्हणून कोणत्या विषयाचे कोणते साधनतंत्र (तोंडीकाम, प्रात्यक्षिक यांसारखी मूल्यमापनाची पद्धत) कोणाचे राहिले, हे एका पानावर लिहून घ्या. मागे पडलेल्या मुलांची नावेही त्याच पानावर हवीत, नेमक्या अडचणीसह : ‘जोडाक्षराशी थांबतो’, ‘हातच्याची वजाबाकी चुकते’. ‘अभ्यासात कच्चा’ या शेऱ्यावरून उद्या काय शिकवायचे ते कळत नाही.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 (शारीरिक शिक्षा व मानसिक छळास मनाई) आणि पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) तक्रार कळवण्याची जबाबदारी पहिल्याच दिवशी समजावून सांगा. बाई सहा महिन्यांसाठी आल्या म्हणून त्यांची जबाबदारी कमी होत नाही.

प्रश्न : ऑफ तासाला कोणालाही पाठवले तरी वर्गात गोंधळच होतो. यावर काही प्रशिक्षण असते का? (पर्यवेक्षक)

भाषण ठेवू नका, सराव ठेवा. अशा तासाचे भवितव्य पहिल्या पाच मिनिटांत ठरते, तेव्हा सराव तेवढ्याच भागाचा घ्या. चार-पाच सहकाऱ्यांना विद्यार्थी करून बसवा. आत येताच शिक्षकाने फळ्यावर काम लिहायचे, हजेरी नंतर. आधी हजेरी घेतली की बाकीच्या मुलांच्या हाताला काम नसते आणि गोंगाट तिथूनच सुरू होतो. काम सूचनेविना कळणारे हवे. सहावीला उदाहरणार्थ : ‘4, 0, 7, 2 हे अंक एकेकदाच वापरून चार अंकी संख्या तयार करा, चढत्या क्रमाने लिहा.’ 0 पहिला येऊ शकत नाही म्हणून उत्तरे 18 येतात, 24 नाही. पुढची चर्चा त्यावरच रंगते. प्रत्येक इयत्तेची अशी दहा कामे शिक्षक कक्षातल्या फाइलमध्ये ठेवा आणि वापरलेल्या कामावर तारीख टाका, नाहीतर तेच काम तिसऱ्यांदा समोर येते.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर (दर तासाच्या मानधनावर) शिकवतो. शाळा मला प्रशिक्षणाला पाठवत नाही. मी काय करू? (शिक्षक)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्यातून तुम्हाला वगळणे आम्हाला अयोग्य वाटते. दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर स्वतःचे खाते काढा, खुले अभ्यासक्रम घ्या. प्रोफाइलमध्ये नाव आधीच नीट भरा, कारण प्रमाणपत्रावर तेच छापले जाते. अभ्यासक्रमाची शेवटची तारीखही पाहून ठेवा.

त्याबरोबर एखाद्या अनुभवी शिक्षकाला महिन्यातून एकदा तुमचा तास पाहायला सांगा. काय पाहायचे ते आधी ठरवा : मागच्या दोन रांगांतल्या किती मुलांना प्रश्न विचारले गेले, एवढेच. त्याच दिवशी पंधरा मिनिटे बसून बोला. आठवडा गेला की ‘छान झाला’ यापलीकडे काही हाती लागत नाही.