आई-वडील दोघांनाही साखर, मग मला होणारच ना?

आई-वडील दोघांनाही मधुमेह असलेली जी तरुण मंडळी माझ्याकडे येतात, त्यांचे साधारण दोन प्रकार पडतात. एक घाबरलेले. त्यांनी भात सोडलेला असतो, आंबा सोडलेला असतो आणि कुणीतरी सांगितलेली जांभळाच्या बियांची पावडर सुरू केलेली असते. दुसरे निवांत. 'होणारच आहे, तर आत्तापासून तोंड कशाला बांधून घ्यायचं?' मला काळजी या दुसऱ्यांची जास्त वाटते. घाबरलेल्याला शांत करता येतं, निवांत माणूस पुन्हा फिरकतच नाही.

ज्याच्याविषयी लिहिते आहे तो निवांतांपैकी. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत कॅशिअर, वय ३७. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) संस्थेने कर्मचाऱ्यांची तपासणी केली, त्यात याचा रिपोर्ट आला आणि बायकोने त्याला अक्षरशः धरून आणलं. उपाशीपोटी साखर ११२, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी १५८, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१.

ज्यांना हे आकडे नवे आहेत त्यांच्यासाठी सांगते. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आलं, की डॉक्टर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, म्हणजेच प्रीडायबेटिस. १२६, २०० आणि ६.५ पासून पुढे मधुमेह.

खुर्चीत टेकता टेकताच तो म्हणाला, "मॅडम, अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आता इन्सुलिनवर आहेत, डाव्या पायाची दोन बोटं काढलीत. आईच्या गोळ्या पंचेचाळिशीपासून चालू. आता माझा नंबर. किती वर्षं हातात आहेत तेवढं सांगा."

बायको खिडकीबाहेर बघत होती. हे वाक्य तिने घरी बरेचदा ऐकलं असणार.

मी आकडे लपवत नाही. आई-वडिलांपैकी एकाला टाइप टू मधुमेह असेल तर मुलाला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता ढोबळमानाने ४० टक्के धरतात, दोघांना असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास. "मग झालंच की," तो म्हणाला. पण माणूस दिवसभर व्याजाचे हिशोब करणारा, म्हणून मी त्याला आणखी दोन हिशोब दाखवले.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने साखर अशीच काठावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला देऊन सोडलं, त्यांच्यातले ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्या खाण्यात आणि चालण्यात बदल करून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. गंमत म्हणजे या लोकांचं वजन सरासरीने फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या अशाच अभ्यासात (२००२) वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य होतं. तिथे धोका ५८ टक्क्यांनी घटला. त्यातल्याच लोकांची पुढे जनुकं तपासली. टाइप टूशी ज्याचा सगळ्यात घट्ट संबंध सापडलेला आहे, त्या जनुकाचा धोक्याचा प्रकार आई आणि वडील दोघांकडून घेऊन आलेले लोकही त्यात होते. काहीच बदल न करणाऱ्या गटात हे लोक इतरांपेक्षा लवकर मधुमेहाकडे गेले. राहणी बदललेल्या गटात मात्र तो फरक जवळजवळ उरला नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मी जाड कुठं आहे?"

हा प्रश्नही ठरलेलाच असतो. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. शर्ट इन केलेला, हातपाय काटक. टेप घेतली आणि बेंबीच्या पातळीला कंबर मोजली, ९७ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांना ९०ची आणि बायकांना ८०ची मर्यादा सांगितलेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्या लोकांची चरबी वजनकाट्यावर दिसत नाही, ती पोटात आणि यकृतात जाऊन बसते आणि तिथेच इन्सुलिनचं काम बिघडवते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरायचं. याचा २५ होता.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं?

सकाळी चहा आणि खारी. नऊला पोहे. शाखेत अकरापासून चहा सुरू, मोठा खातेदार आला की त्याच्याबरोबर एक, असे दिवसाला पाच. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर चहातूनच चाळीस-पन्नास ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसभरात शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. डब्यात तीन चपात्या, बटाट्याची भाजी, आमटी-भात. कुणाचं कर्ज मंजूर झालं की काउंटरवर कंदी पेढ्यांचा बॉक्स. संध्याकाळी घरी जाताना राजवाड्याच्या चौपाटीवर काहीतरी. रात्रीचं जेवण सव्वादहाला, सिरियल संपल्यावर, आणि जेवला की तसाच मोबाइल घेऊन आडवा. झोपायला एक.

"आणि अण्णा काय जेवतात?" मी विचारलं.

इथे बायको पहिल्यांदा बोलली. "त्यांचं वेगळं असतं. पथ्याचं. भाकरी, मेथी नाहीतर घेवड्याची उसळ, ताक. आईंचं पण तेच."

हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. एकाच गॅसवर दोन स्वयंपाक. आजारी माणसाला उसळ-भाकरी, आणि ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांना चपाती, बटाटा, भात. मुलगा लहानपणापासून बघत आला, की भाकरी आणि मेथी ही साखर झाल्यावर खायची गोष्ट. रक्तातून काय आलं ते आपल्या हातात नाही, पण आई-वडिलांकडून जेवणाची वेळ, चहातली साखर आणि जेवल्यावर लवंडायची सवयही येते. यातलं नेमकं किती कुठून आलं हे शोधत बसण्यात मला रस नाही. जे बदलता येतं ते बदलू.

पुढच्या खेपेला अण्णांना घेऊन या, असं मी सांगितलं. तेव्हा कळलं, की याने रिपोर्ट घरात दाखवलेलाच नाही. "त्यांना वाईट वाटंल," म्हणाला.

अण्णा आले. काठी टेकत, धुतलेला पांढरा सदरा, वरच्या खिशात इन्सुलिनची चिठ्ठी. रिपोर्ट वाचून बराच वेळ कागदाची घडी घालत राहिले. "माझ्यापायी पोराला," एवढंच म्हणाले.

मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कधी कळलं?"

"एकावन्नाव्या वर्षी. पायाला चीर पडली, ती बरी हुईना. तवा दवाखान्यात साखर बघितली तर तीनशेच्या वर. त्याच्या आधी मला कोण काय म्हणलंच न्हाई. कधी ह्या डेपोत जेवायचं, कधी त्या. मुक्कामाची गाडी असली की रात्री बाराला."

"म्हणजे तुम्हाला थेट जखमेतून कळलं. याला चौदा वर्षं आधी कळलंय आणि जखम नाही."

त्यांनी मान हलवली. मग एकदम ड्रायव्हरच्या आवाजात मुलाकडे वळून म्हणाले, "खंबाटकीत उतार लागला की गिअर आधी पाडायचा असतो. ब्रेक तापल्यावर मग काय करणार तू?"

त्यानंतर मला फार समजवावं लागलं नाही. घरात एकच स्वयंपाक करायचा असं ठरलं, आणि ते अण्णांनीच ठरवलं. सूनबाईंची अडचण खरी होती. नऊ वर्षांचा मुलगा भाकरी खाईल का? तर उसळ आणि कोशिंबीर सगळ्यांना, पोराला चपाती हवी तर चपाती. कोरेगावचा वाघ्या घेवडा घरात येतच होता, तो आता रोजच्या कडधान्यांच्या फेरीत आला. ताटात निम्मी जागा भाजी-कोशिंबिरीला, पाव उसळ, डाळ किंवा अंड्याला, उरलेली पाव भाकरी किंवा भाताला. आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी मागून, कारण त्या क्रमाने खाल्लं की साखर सावकाश चढते. भाकरी दीड. ज्वारीची भाकरी कितीही चालते असा एक समज आपल्याकडे आहे, तो मोडायला मला वेळ लागतो. ज्वारीतही पिष्ट आहेच. गुळाचंही तसंच. साखरेऐवजी गूळ घालून काही साधत नाही, रक्ताला दोन्ही सारखेच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र वाटीभर खुशाल खावी.

एक गोष्ट मी या सगळ्याच्या आधी करायला लावली. अण्णांच्या डॉक्टरांना भेटणं. घरातलं खाणं आणि जेवणाची वेळ बदलते, तेव्हा इन्सुलिनवर असलेल्या माणसाची साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, कधी शुद्ध हरपते. डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला आणि घरी साखर मोजायला सांगितली. जेवण आठला आल्यावर हे किती गरजेचं होतं ते कळलंच.

कॅशिअरसाहेबांचं स्वतःचं काम तिथून सुरू झालं. चहा पाचावरून दोनावर, तेही बिनसाखरेचे. पहिला आठवडा तोंड वाकडं करून प्यायला, मग सवय झाली. पेढ्याचा प्रश्न अवघड होता, कारण नाही म्हटलं तर खातेदाराला राग. शेवटी असं ठरलं, की एकच घ्यायचा आणि तो डब्याबरोबर खायचा, मोकळ्या पोटी नाही. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं बायकोबरोबर गल्लीतच चालायचं. चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं इतकं उपयोगी. सकाळी सूर्यनमस्कार आणि उठाबशा, कारण स्नायू वाढले की साखरेला जायला जागा वाढते. रविवारी अजिंक्यतारा.

अजिंक्यताऱ्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. वजन दोन महिने हललं नाही, तेव्हा मी खोदून विचारलं. साहेब दर रविवारी गड चढत होते आणि उतरल्यावर मित्रांबरोबर मिसळ, जादा पाव आणि वर जिलेबी. "एवढं चढल्यावर चालतं की," म्हणे. साताऱ्यात निम्म्या लोकांचा व्यायाम असाच वसूल होतो! मिसळ मी बंद नाही केली. जादा पाव आणि जिलेबी केली.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.९. तो नाराज, मी खूश. सात-आठ महिन्यांनी वजन ६६, कंबर ८९, उपाशीपोटी ९६ आणि एचबीएवनसी ५.५. साखरेचे आकडे सगळे नॉर्मलमध्ये. त्या दिवशी तो विचारत होता, की आता गेलं ना? मी सांगितलं, की आजच्या रिपोर्टमध्ये तरी ते नाही. प्रवृत्ती आहे तिथेच आहे, रिपोर्ट वर्षातून एकदा तरी करायचा. आणि झालंही तसंच. नंतरच्या लग्नसराईत आणि मार्चअखेरच्या रात्री दहा-दहाच्या ड्युटीत चालणं सुटलं, झोप पाच तासांवर आली, रिपोर्ट ५.८. या वेळी बायकोने आणला नाही, स्वतः आला. काय सुटलं ते त्याला माहीत होतं, मला फक्त ऐकायचं होतं. आता पुन्हा ५.६ आहे.

काहींचं एवढं करूनही उतरत नाही. साखर वरच्या काठाला असेल, वजन खूप असेल किंवा गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर डॉक्टर कधी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू करतात. त्यात कमीपणा नाही. चेन्नईच्या अभ्यासात गोळीचा आणि राहणी बदलण्याचा फायदा जवळपास सारखाच निघाला होता. पण तो निर्णय डॉक्टरांचा, शेजाऱ्याची पट्टी उसनी आणून घ्यायचा नाही.

आणि आई-वडिलांना मधुमेह असेल तर भावंडांनीही तपासून घ्यावं. तिशीपुढच्या सगळ्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत बघतात. या कॅशिअरची बहीण कराडला असते, वय ३३. दुसऱ्या बाळाच्या वेळी तिची साखर वाढली होती, बाळंतपणानंतर नॉर्मल झाली म्हणून पुढे कुणी पाहिलीच नाही. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. भावाने आग्रह धरला म्हणून ती रिपोर्ट घेऊन आली. एचबीएवनसी ६.०. ती रडवेली झाली होती, पण माझी नजर खालच्या ओळीवर गेली. हिमोग्लोबिन ८.९. लोह कमी असलं की एचबीएवनसी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, त्यामुळे त्या एका आकड्यावर काहीच ठरवता येत नाही. तिला उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतर दोन तासांची तपासणी करायला सांगितली आहे, आणि हिमोग्लोबिनसाठी आधी डॉक्टरांकडे पाठवलं आहे. येत्या सोमवारी ती रिपोर्ट घेऊन येणार आहे. सोबत नवऱ्यालाही आणा, असं सांगितलंय, कारण त्यांच्या घरात बाजारहाट तो करतो.