राक्षस जांभई द्यायला लागला की...

प्रश्न: माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. रोज झोपताना त्याला राक्षसाचीच गोष्ट पाहिजे आणि सांगितली की रात्री बाथरूमला एकटा जात नाही, मलाच उठवतो. सासूबाई म्हणतात कुंभकर्णाची सांग, काही होत नाही. मिस्टर म्हणतात राक्षस बंदच कर, प्राण्यांच्या सांग. पण त्यातही कोणीतरी कोणालातरी खातंच ना! काय करू?

उत्तर: ताई, माझं मत सासूबाईंना. फक्त कुंभकर्ण लढाईपासून सुरू करू नका, त्याला उठवण्यापासून करा, सगळी गंमत तिथेच आहे. वाल्मीकी रामायणात हा प्रकार चांगला ऐसपैस आलाय, म्हणजे नगारे बडवून झाले, शंख फुंकून झाले, कोणी केस ओढले, कोणी कान चावले, कानात घागरीच्या घागरी पाणी ओतलं तरी साहेब ढिम्म, शेवटी अंगावरून हजार हत्ती पळवले तेव्हा कुठे त्याला काहीतरी अंगाला लागल्यासारखं वाटलं! आणि उठवायला गेलेल्यांना त्याच्या श्वासाच्या वाऱ्यापुढे धड उभंही राहता येईना. माझ्या भाचीने इथे मला थांबवून विचारलं, "मग त्याला शाळेसाठी कोण उठवायचं?" झालं, पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं कुंभकर्णाचा डबा भरत बसलो, पोळ्या किती, भाजी कुठली, डबा न्यायला टेम्पो पुरेल का ट्रक लागेल. भीतीबिती कुठल्या कुठे.

राक्षस नुसता अंधारात उभा असला ना की पोरं घाबरतात, तोच जांभया द्यायला लागला, त्याला भूक लागली की तो लग्नात पंगतीला भेटणाऱ्या एखाद्या काकांसारखा वाटायला लागतो. बकासुर बघा. भीम गाडाभर अन्न घेऊन जातो, बकासुराला नावाने हाका मारतो आणि स्वतःच जेवायला बसतो. तो मागून येऊन दोन्ही हातांनी पाठीत धपाधप मारतोय आणि हा मान वळवून बघतसुद्धा नाही, आधी जेवण! गाड्याबरोबर माणूसही खायला द्यावा लागायचा हे मात्र लपवू नका, नाहीतर भीम तिथे गेलाच कशाला हे पोराला कळणार नाही. मारामारी दोन वाक्यांत उरका, वेळ घालवायचा तो भातावर.

मिस्टरांसाठी पंचतंत्रातली बोलणारी गुहा. भुकेला सिंह रिकाम्या गुहेत लपून बसलाय, कोल्हा घरी येतो तर पावलांचे ठसे आत गेलेले, बाहेर आलेले नाहीतच. तो दारातूनच ओरडतो, "काय गं गुहे, आज गप्प का, रोज तर मला ये म्हणतेस!" सिंहाला वाटतं, मला घाबरून बोलत नसेल बिचारी, मग तोच आतून ओ देतो आणि कोल्हा सुसाट. मूळ गोष्टीत तो गर्जना करतो, मी लाडिक आवाजात "येऽऽ ना रे" म्हणतो, पोरं लोळतात. यात कोणी कोणाला खात पण नाही. फक्त संपल्यावर "मग यातून काय शिकलास?" असं विचारू नका प्लीज.

बाथरूमसाठी थोडे दिवस उठावं लागेलच. लाइट चालू ठेवा आणि दोघांनी दाराबाहेरून हाक मारा, "काय रे बाथरूमा, आज गप्प का?" आतून ओ आलीच तर मिस्टर असतील.