नैराश्यातून बरे वाटू लागल्यावर औषधे लगेच बंद करावीत का?

नाही, स्वतःच्या मनाने तर मुळीच बंद करू नयेत. या औषधांचा गुण दिसायला साधारणतः २ ते ४ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो, आणि लक्षणे ओसरल्यानंतरही किमान ६ महिने ती चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, कारण आजार उलटण्याचा धोका याच काळात अधिक असतो. औषध एकाएकी सोडल्यास चक्कर, निद्रानाश, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होऊ शकतात, आणि पुष्कळजण त्यालाच व्यसन समजून घाबरतात. ते व्यसन नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ मात्रा हळूहळू उतरवतात. त्या काळात झोप बिघडणे, माणसे टाळावीशी वाटणे ही आजार उलटत असल्याची आपली पूर्वचिन्हे एखाद्या विश्वासू व्यक्तीला आधीच सांगून ठेवावीत. अनेकदा ती आपल्याआधी तिच्या लक्षात येतात.