कर्ता लिही

अनेक आशीर्वाद.

व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या प्रवेश अर्जासाठी तू लिहिलेल्या निबंधाचा मसुदा मी दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला राग आला. सरकारी वीज कंपनीत सात वर्षे काढलेल्या अभियंत्याला 'खासगीतून आलेल्या मुलांपुढे माझे काय दिसणार' असा प्रश्न पडावा, याचा तो राग नव्हता. तो प्रश्न एकेकाळी मलाही पडला होता. राग आला तो तुझ्या वाक्यांचा. 'रोहित्रे जळण्याचे प्रमाण कमी करण्यात आले.' 'शेतकऱ्यांमध्ये जागृती करण्यात आली.' निबंध इंग्रजीत असला तरी त्याखालचे व्याकरण आपल्या कार्यालयीन टिपणीचे आहे. कोणी केले? कर्ता कुठे आहे?

टिपणीतून आपण कर्ता का काढतो, हे तुला सांगायला नको. उद्या चौकशी लागली तर बोट कोणावरही येऊ नये, म्हणून. त्या सवयीने आपल्या नोकऱ्या सुरक्षित राहतात हे मान्य, पण प्रवेश समितीला नेमके ते बोट कोणावर येते हेच पाहायचे असते.

गेल्या रब्बीत फोनवर तू मला जे सांगितलेस, ते या मसुद्यात नाही. वीज आली की ऑटोस्विच लावलेले सगळे कृषिपंप एकाच क्षणी सुरू होतात, तो भार एकदम अंगावर आला की रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते, आणि मग आठवडाभर पिकाला पाणी नाही. तू नवे रोहित्र मागत बसली नाहीस. सरपंचांच्या ओट्यावर बसून तू शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढायला आणि भार हलका करणारे कपॅसिटर बसवायला राजी केलेस. एका गावाने तुला अक्षरशः पिटाळून लावले, तेही लिही. तिथे तू काय चुकीचे बोललीस, ते तर आधी लिही. या साऱ्याऐवजी तू 'स्टेकहोल्डर एंगेजमेंट' असा शब्द वापरला आहेस. सरपंचांना तो ऐकवून बघ.

परीक्षेची मला फारशी काळजी नाही. जीमॅट या प्रवेश परीक्षेचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात आणि तुझे गणित चांगले आहे. शिवाय २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात त्या परीक्षेतला निबंध काढून टाकला आहे, त्यामुळे तू लिहितेस कशी हे आता तुझ्या अर्जावरूनच कळणार. अहमदाबादच्या आयआयएमचा अनुभवी उमेदवारांसाठीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि पूर्णवेळ आहे, म्हणजे नोकरी सांभाळून तो होणार नाही. ना हरकत प्रमाणपत्र, असाधारण रजा, धारणाधिकार (मूळ पदावर परतण्याचा हक्क) आणि बंधपत्र यांचे नियम सेवा विनियमांच्या पुस्तकात स्वतः वाच. आस्थापना शाखेतल्या ओळखीच्या बाबूने तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नकोस.

शिफारसपत्राचा प्रश्न मात्र खरा आहे. तुझे साहेब म्हणतील, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' ते प्रेमाने म्हणतील, तरी नकार दे. त्यांच्यासमोर अर्धा तास बस, त्यांना तीन प्रसंग आठवून दे आणि त्यांच्याच शब्दांत लिहू दे. गोपनीय अहवालात 'निश्चित चांगला' असा ठरावीक शेरा लिहून आयुष्य गेलेल्या माणसाला हे जड जाईल, पण त्यांच्या पत्रातही कर्ता तूच असायला हवीस.

मी एवढा हट्ट का धरतो, ते सांगतो. १९९४ मध्ये मी अशाच एका संस्थेच्या मुलाखतीला गेलो होतो. लेखी परीक्षेत गुण उत्तम होते. एका प्राध्यापकांनी विचारले, तुमचे वीज उपकेंद्र वेळेआधी कसे उभे राहिले? मी म्हणालो, विभागामार्फत पाठपुरावा करण्यात आला. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी शांतपणे विचारले, 'त्या वेळी तुम्ही कुठे होता?' मी चिखलात होतो. पावसाच्या आधी पाया भरून व्हावा म्हणून सतरा रात्री तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपलो होतो. ते माझ्या तोंडून निघाले नाही, कारण 'मी' म्हणणे मला उद्धटपणाचे वाटत होते.

त्यानंतर मी सत्तावीस वर्षे खात्यात राहिलो आणि मला त्याचे दुःख नाही. ज्या गावांत मी वीज नेली तिथली माणसे आजही रस्त्यात थांबवून बोलतात, आणि हे सुख कोणत्या पदवीने दिले असते, असे मी स्वतःला अनेकदा विचारतो. जरा जास्तच वेळा विचारतो, असे तुझी काकू म्हणते. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करायचे राहून गेले.

वरचे शेवटचे वाक्य मी खोडणार होतो, पण तुला दिसावे म्हणून तसेच ठेवले आहे. ते असे हवे: दुसऱ्या वर्षी मी अर्ज केला नाही, कारण मी घाबरलो.

मसुद्यातली अशी अकरा वाक्ये मी लाल शाईने अधोरेखित करून परत पाठवत आहे. रविवारपर्यंत ती बदलून पाठव, आणि ओट्यावरचा प्रसंग पहिल्या परिच्छेदात घे.

तुझा,
काका