राज्य बदलताना ईएमटीच्या परवान्याचे काय?

प्रश्न : मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. पाच वर्षांपूर्वी ईएमटीचा (रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा) अभ्यासक्रम पूर्ण करून मी न्यूयॉर्क राज्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. तेव्हापासून एका रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर काम करते आहे. यजमानांची बदली झाल्यामुळे चार महिन्यांनी आम्ही टेक्सासमधील प्लेनो येथे राहायला जाणार आहोत. माझे प्रमाणपत्र तिथे चालेल का, आणि नोकरी कुठे शोधावी?

उत्तर : आपले प्रमाणपत्र आहे तसे टेक्सासमध्ये चालणार नाही, परंतु हाताशी चार महिने असल्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. अमेरिकेत ईएमटीला काम करण्याची परवानगी केंद्र सरकार देत नाही, ती ज्या त्या राज्याची असते. त्याशिवाय ओहायो राज्यातील कोलंबस येथे १९७० पासून नॅशनल रजिस्ट्री नावाची ना-नफा संस्था आहे, जी परीक्षा घेऊन राष्ट्रीय पातळीवरचे प्रमाणपत्र देते. रजिस्ट्रीचे प्रमाणपत्र म्हणजे परीक्षेत उतरल्याचा दाखला, आणि राज्याचा परवाना म्हणजे रुग्णाला हात लावण्याची मुभा. गोंधळ असा, की टेक्साससारखी काही राज्ये आपल्या परवान्यालाही प्रमाणपत्रच म्हणतात, त्यामुळे वर्षानुवर्षे या क्षेत्रात असलेली माणसेही दोहोंत गल्लत करतात.

बहुतेक राज्ये पहिला परवाना देताना रजिस्ट्रीची परीक्षा मागतात. न्यूयॉर्कने मात्र ईएमटींसाठी दीर्घकाळ स्वतःची परीक्षा घेतली, आणि आपण तीच दिली असल्यामुळे रजिस्ट्रीच्या दप्तरी आपले नाव नसणार. टेक्सास बाहेरून येणाऱ्यांकडे रजिस्ट्रीचे चालू प्रमाणपत्र मागते. म्हणून पहिले काम न्यूयॉर्कमध्ये असतानाच उरकावे : उजळणीचे आवश्यक तास पूर्ण करून, न्यूयॉर्कच्या चालू परवान्याच्या आधारे रजिस्ट्रीच्या परीक्षेसाठी अर्ज करावा. ही परीक्षा संगणकावर होते. वेळ दोन तास आणि प्रश्न ७० ते १२०. आपण दिलेल्या उत्तरांवरून संगणक पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवतो आणि आपण उत्तीर्ण की अनुत्तीर्ण याची त्याला खात्री पटली की परीक्षा थांबते, तेव्हा पडदा सत्तराव्या प्रश्नालाच बंद झाला तर नापास झालो असे समजून रडत घरी येऊ नये. पाच वर्षे रुग्णवाहिकेवर काढल्यानंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागणे अपमानास्पद वाटते, हे मला मान्य आहे; पण एकदा हे प्रमाणपत्र मिळाले आणि दर दोन वर्षांनी ३१ मार्चपूर्वी ४० तासांचे शिक्षण दाखवून ते जिवंत ठेवले, तर पुढच्या बदलीच्या वेळी ही कटकट उरणार नाही.

येथे नावाविषयी एक सूचना करतो, कारण आपल्या भगिनींचे अर्ज वैद्यकीय ज्ञानापेक्षा नावापायी अधिक अडलेले मी पाहिले आहेत. अभ्यासक्रमाच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव आणि मधले नाव वडिलांचे, वाहन परवान्यावर मधले नाव यजमानांचे, आणि पारपत्रावर तिसरेच काही, असा प्रकार आपल्याकडे सर्रास असतो. परीक्षा केंद्रावरच्या माणसाला ही रीत ठाऊक नसते. ओळखपत्रावरील नाव नोंदणीतील नावाशी जुळले नाही की तो परत पाठवतो. अर्ज करण्यापूर्वी सर्व कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून एकदा अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

रजिस्ट्रीचे प्रमाणपत्र हाती आले की टेक्सासच्या राज्य आरोग्य सेवा विभागाकडे अर्ज करावा. बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी नोंदींची तपासणी करून घ्यावी लागते, आणि तिथला परवाना चार वर्षांचा असतो. तो मिळेपर्यंत न्यूयॉर्कचा परवाना मात्र कोणत्याही कारणाने संपू देऊ नये.

आता नोकरी. शोध सुरू करण्यापूर्वी त्या गावात रुग्णवाहिका कोण चालवते, हे पाहावे. न्यूयॉर्क शहरात ९११ या आपत्कालीन दूरध्वनी क्रमांकाच्या हाकेला अग्निशमन दलाबरोबर रुग्णालयांच्या गाड्याही धावतात, म्हणून अग्निशमनाचे प्रशिक्षण नसताना आपल्याला काम मिळाले. प्लेनो आणि डॅलस या दोन्ही शहरांत ही सेवा अग्निशमन दलाकडे आहे; तिथे भरती होते ती मुख्यतः आग विझवू शकणाऱ्यांची. उलट ऑस्टिन शहर व ट्रॅव्हिस काउंटीची सेवा अग्निशमन दलापासून स्वतंत्र आहे, पण प्लेनोहून रोज तिथे जाणे शक्य नाही. तेव्हा आपण खासगी रुग्णवाहिका कंपन्या आणि रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागातील तंत्रज्ञाच्या जागा पाहाव्यात. खासगी कंपन्यांत बरेचसे काम डायलिसिसच्या रुग्णांची ने-आण करण्याचे असते आणि पुष्कळजण त्याकडे नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आठवड्यातून तीनदा भेटणारा रुग्ण आज नेहमीपेक्षा गप्प का आहे, हे ओळखण्याची नजर त्याच कामात तयार होते.

मुलाखतीत एक प्रश्न आपणही विचारावा. ईएमटीने काय करावे आणि काय करू नये, याची यादी टेक्सास राज्य ठरवून देत नाही. प्रत्येक सेवेचा वैद्यकीय संचालक आपल्या अधिकारात ती ठरवतो. त्यामुळे क्वीन्समध्ये आपण जे करत होता ते एका कंपनीत चालेल आणि शेजारच्या कंपनीत चालणार नाही, असे होऊ शकते. लेखी कार्यपद्धती पाहायला मागितली तर कोणी वाईट मानत नाही.

प्रश्न : माझा मुलगा व्हर्जिनियात पॅरामेडिक (ईएमटीपेक्षा वरच्या दर्जाचे प्रशिक्षण घेतलेला) आहे. राज्याराज्यांत आता करार झाला असून एकाच परवान्यावर दुसरीकडेही काम करता येते, असे तो म्हणतो. मग तो टेनेसीला राहायला गेला तरी वेगळा परवाना लागणार नाही ना?

उत्तर : चिरंजीव अर्धे बरोबर आहेत. ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) कॉम्पॅक्ट नावाचा हा करार दहा राज्यांनी कायदा केल्यावर २०१७ मध्ये अस्तित्वात आला आणि २०२० पासून व्यवहारात आहे. व्हर्जिनिया आणि टेनेसी दोन्ही त्यात आहेत. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया नाहीत. त्याचा हेतू समजायला ब्रिस्टल हे गाव डोळ्यांपुढे आणावे. तिथल्या स्टेट स्ट्रीटच्या एका पदपथावर व्हर्जिनिया आहे आणि समोरच्या पदपथावर टेनेसी. व्हर्जिनियाच्या सेवेने कामावर धाडलेल्या पॅरामेडिकला रस्ता ओलांडून रुग्णाला हात लावता यावा, वणव्याच्या किंवा पुराच्या वेळी शेजारच्या राज्यात धावून जाता यावे, यासाठी ही सवलत आहे. ती मूळ राज्याच्या परवान्यावर उभी असते आणि कामापुरती असते. मुलगा टेनेसीत बिऱ्हाड करून तिथल्या सेवेत कायमचा रुजू होणार असेल, तर त्याने टेनेसीचा परवाना घ्यावा.

प्रश्न : मी आयुर्वेदाची पदवीधर असून महाराष्ट्रात १०८ च्या रुग्णवाहिकेवर दोन वर्षे डॉक्टर होते. आता फ्रीमाँट, कॅलिफोर्निया येथे एच-४ व्हिसावर आहे व कामाची परवानगी मिळाली आहे. या अनुभवावर ईएमटी होता येईल का?

उत्तर : अनुभव मुलाखतीत उपयोगी पडेल, परवान्यासाठी नाही. आपल्याला इथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करावा लागेल. सामुदायिक महाविद्यालयात तो साधारण एका सत्राचा असतो. त्यानंतर रजिस्ट्रीची परीक्षा. कॅलिफोर्नियात पॅरामेडिकचा परवाना राज्य देते, पण ईएमटीचे प्रमाणपत्र सामान्यतः काउंटीच्या पातळीवरील आपत्कालीन सेवा संस्था देते, आणि ते राज्यभर चालते. आपल्यासाठी खरा बदल निराळाच असेल. १०८ वर चालक वेगळा आणि आपण मागे रुग्णापाशी. इथे गाडीत बहुधा दोघेच असतात आणि आळीपाळीने गाडी चालवतात. म्हणून कॅलिफोर्नियात मोटार वाहन विभागाचे रुग्णवाहिका चालकाचे वेगळे प्रमाणपत्र लागते, आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याची अट असतेच. वाहन परवाना अजून काढला नसेल, तर त्या शिकवणीला याच आठवड्यात नाव घालावे.